नऊ एकांचा डोंगर

संख्यांशी आपली ओळख फार लहानपणी होते. बोटांवर मोजता मोजता आपण दहापर्यंत जातो, पाटीवर शंभरापर्यंत उजळणी लिहितो, आणि पुढे हिशेबाच्या निमित्ताने हजार व लक्ष यांच्याशीही आपला परिचय होतो. परंतु परिचय झाला म्हणजे मैत्री झाली असे नव्हे. शेजाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक असते. पण त्याचा स्वभाव, त्याचे गुण आणि त्याची नातीगोती त्याच्याजवळ चार घटका बसल्यावाचून कळत नाहीत. संख्यांचेही तसेच आहे. प्रत्येक संख्येच्या अंगी काही गुणधर्म असतात, तिला नातेवाईक असतात, आणि ज्या घराण्यात ती जन्मते त्या घराण्याची चालही तिच्या ठायी उतरलेली असते. विद्यार्थिमित्रांनो, आज आपण अशाच एका संख्येजवळ थोडा वेळ बसणार आहोत. ती दिसावयास मोठी आहे. परंतु तिच्यापाशी जाण्यास पाटी, पेन्सिल आणि थोडासा धीर यांखेरीज काहीही लागत नाही.

ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

तिचे एक वैशिष्ट्य पाहताक्षणीच ध्यानात येते. डावीकडून वाचा अथवा उजवीकडून वाचा, ती तीच राहते. मराठीत ‘कनक’, ‘सरस’, ‘नवीन’ हे शब्द असेच उलटसुलट सारखे आहेत. दुसरे असे की, तिचे अंक घाटाच्या वाटेप्रमाणे चढतात आणि उतरतात. मलकापूरहून बुलढाण्यास येताना राजूरचा घाट लागतो. तेथे वाट जशी एकेका वळणाने उंच होत जाते, तसे या संख्येचे अंक एकापासून नऊपर्यंत एकेका पायरीने चढतात. मध्यभागी नऊ हे शिखर आहे. तेथून त्याच पायऱ्यांनी अंक खाली उतरतात, आणि पुन्हा एकापाशी येऊन थांबतात.

ही संख्या सतरा अंकांची आहे. एवढी मोठी संख्या वाचावी कशी? आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ग्रंथातील ‘लीलावती’ या भागात अठरा स्थानांची नावे दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व अशी स्थाने चढत जातात आणि अठरावे स्थान ‘परार्ध’ होय. आपली संख्या त्याच्या अलीकडच्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचते. त्या पद्धतीने ती मोठ्याने वाचून पाहा : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. या विद्येचे स्मारक आपल्यापासून फार दूर नाही. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण म्हणून गाव आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला, असे तेथील शिलालेखात कोरलेले आहे.

नावे कळली, तरी संख्येची विशालता अद्याप मनात ठसत नाही. ती ठसावी म्हणून एक कल्पना करू. एखादा माणूस दर सेकंदास एक याप्रमाणे, न झोपता आणि न थांबता, मोजत बसला आहे. आपल्या संख्येपर्यंत पोचण्यास त्याला किती काळ लागेल? उत्तर आहे, सुमारे ३९ कोटी वर्षे. आपल्या जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने झालेल्या खळग्यात आहे. अलीकडील एका मापनानुसार त्या खळग्याचे वय सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे येते. त्या दिवशी मोजणी सुरू झाली असती, तरी आज तो माणूस केवळ चौदा अंकी संख्यांपर्यंत आला असता. त्याहूनही मागे जाऊ. ज्या काळ्या पाषाणात हा खळगा पडला, तो पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी बनला. तेव्हापासून जरी तो मोजत असता, तरी आजवर त्याचे सहाव्या हिश्श्याइतकेच काम झाले असते!

अशी ही प्रचंड संख्या. परंतु तिचा जन्म मात्र अगदी साध्या घरी झालेला आहे. केवळ एक हा अंक घ्या. तो एकदा लिहा, दोनदा लिहा, तीनदा लिहा, आणि दर वेळी होणाऱ्या संख्येला त्याच संख्येने गुणा :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१
११११११ × ११११११ = १२३४५६५४३२१
१११११११ × १११११११ = १२३४५६७६५४३२१
११११११११ × ११११११११ = १२३४५६७८७६५४३२१
१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

शेवटच्या ओळीत आपली संख्या आली. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा ती वर्ग आहे. टेकडीपासून डोंगरापर्यंत वाढत गेलेल्या या घराण्यातील ती नववी व्यक्ती होय.

येथे पुष्कळ जण ‘वा, काय चमत्कार आहे!’ असे म्हणून पुस्तक मिटतात. परंतु गणिताचा खरा आरंभ येथूनच होतो. असे का होते, हा प्रश्न विचारल्यावाचून संख्येची मैत्री पुरी होत नाही. त्यासाठी लहानसे उदाहरण घेऊन गुणाकार पुरता मांडू :

१११ × १ = १११
१११ × १० = १११०
१११ × १०० = १११००

या तीन ओळी एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक अशा मांडा. प्रत्येक ओळीत तीन एक आहेत. मात्र प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली आहे. आता उभ्या रांगा पाहा. अगदी उजवीकडच्या रांगेत एक हा अंक एकदाच येतो. तिच्या डावीकडील रांगेत तो दोनदा येतो, मधल्या रांगेत तीनदा, त्यापुढे पुन्हा दोनदा आणि शेवटी एकदा. म्हणून बेरीज १२३२१ होते. उत्तरातील प्रत्येक अंक म्हणजे त्या त्या रांगेत एकावर एक रचलेल्या एकांची उंचीच होय. नऊ एकांच्या गुणाकारात अशा नऊ ओळी होतात, मधल्या रांगेत नऊ एक एकावर एक बसतात, आणि दोन्ही बाजूंस रांगांची उंची एकेकाने कमी होत जाते. डोंगर कसा उभा राहिला, ते आता कळले. त्यात जादू नाही, रचना आहे.

मग दहा एक घेतले तर काय होईल? नऊ वेळा जे घडले ते दहाव्यांदाही घडेलच, असे आपले मन आपणांस सांगू लागते. परंतु गणितात मनाच्या अशा सांगण्यावर विसंबून चालत नाही. मांडणी करून पाहू. दहा ओळींच्या मांडणीत मधल्या रांगेची उंची दहा होते, आणि दहा ही संख्या एका घरात मावत नाही. तेथे शून्य लिहावे लागते आणि हातचा एक डावीकडच्या घरास द्यावा लागतो. त्या घरात आधीच नऊ आहेत. त्यांत हातचा मिळताच तेथेही दहा होतात. तेथेही शून्य येते आणि पुन्हा एक हातचा पुढे जातो. त्या पुढच्या घरात आठ असतात, त्यांचे नऊ होतात. उत्तर येते ते असे :

१२३४५६७९००९८७६५४३२१

डोंगराचे शिखर ढासळले. डावीकडची चढण बिघडली आणि उलटसुलट वाचनातील सारखेपणाही गेला. नऊ वेळा खरी ठरलेली गोष्ट दहाव्या वेळी खोटी ठरली. ज्याने केवळ उत्तरे पाहिली, त्याला हा आकस्मिक अपघात वाटेल. ज्याने कारण जाणले, त्याला मात्र हे आधीच सांगता आले असते. कारण जोवर हातचा येत नाही तोवरच डोंगर टिकतो, हे त्याला ठाऊक होते. उदाहरणे कितीही जुळली, तरी ती उदाहरणेच राहतात. नियम कोठपर्यंत चालतो आणि कोठे थांबतो हे जी सांगते, तिला सिद्धता म्हणतात.

या घराण्याला एक नाव आहे, आणि ते नाव एका मराठी शिक्षकाने दिलेले आहे. आपल्या जिल्ह्यातील शेगाव, नांदुरा किंवा मलकापूर या स्थानकांवरून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत आपण बसलो, तर भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड अशी स्थानके मागे टाकीत गाडी नाशिकरोडला येते. त्याच्या पलीकडचे गाव देवळाली. या गावच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक शिकवीत होते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली, विद्यार्थिदशेतच, त्यांना गणितातील स्वतंत्र कार्याबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले होते. त्यांच्याजवळ उच्च पदवी नव्हती, मोठे ग्रंथालय नव्हते, यंत्रसामग्री तर नव्हतीच. शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात ते कागदावर संख्या मांडीत आणि त्यांचे गुण निरखीत.

हीच गाडी पुढे कसारा घाट उतरून कल्याणला व तेथून डोंबिवलीला येते. त्या काळी या लोहमार्गास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच जी. आय. पी. रेल्वे, असे म्हणत. या मार्गावरील डेम्लो नावाच्या स्थानकावर असताना कापरेकरांच्या मनात एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा विचार आला, म्हणून त्यांनी त्या संख्यांस ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. आपण वर मांडलेल्या नऊ संख्या या डेम्लो संख्यांच्या परिवारातीलच आहेत. १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांच्या उपपत्तीविषयीचा लेख गुंजीकर व कापरेकर या दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झाला. गाडीची वाट पाहताना बहुतेक लोक कंटाळतात. परंतु ज्याच्या मनात प्रश्न असतो, त्याला फलाटावरही अभ्यासिका सापडते.

कापरेकरांनी संख्यांच्या आणखी एका जातीस मोठे गोड नाव दिले आहे. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे म्हटले. उदाहरणार्थ १८ ही संख्या घ्या. एक आणि आठ मिळून नऊ होतात, आणि नवांनी अठरास भाग जातो. म्हणून १८ ही हर्षद संख्या होय. १९ मात्र तशी नाही. कारण तिच्या अंकांची बेरीज दहा येते आणि दहांनी एकोणिसास भाग जात नाही.

आपली सतरा अंकी संख्या हर्षद आहे काय? प्रथम तिच्या अंकांची बेरीज करू. ती करण्याची एक सुबक युक्ती आहे. अंक एकामागून एक मिळविण्याऐवजी गुणाकाराची मांडणी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तेथे नऊ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत नऊ एक होते. म्हणजे एकूण ८१ एक झाले. हातचा कोठेच आला नाही, म्हणून त्यांतील एकही वाया गेला नाही. सारे उत्तराच्या अंकांत जाऊन बसले. म्हणून अंकांची बेरीज ८१ असलीच पाहिजे. अंक मिळवून पडताळा घ्या, तेवढीच येते. आता भागाकाराचे पाहू. नऊ एकांच्या संख्येच्या अंकांची बेरीज नऊ आहे. ज्या संख्येच्या अंकांच्या बेरजेस नवांनी भाग जातो, त्या संख्येसही नवांनी भाग जातो, ही कसोटी तुम्ही शिकला आहात. म्हणून १११११११११ या संख्येस नवांनी भाग जातो. आपली संख्या म्हणजे या संख्येला तिनेच गुणून आलेला गुणाकार. तेव्हा तिला नऊ नवे एक्क्याऐंशींनी भाग गेलाच पाहिजे. सतरा अंकांचा लांबलचक भागाकार न करताच आपणांस कळले की, आपली संख्या हर्षद आहे.

येथेही पुन्हा एकदा सावध राहू. नववी व्यक्ती हर्षद निघाली, म्हणून सारे घराणेच हर्षद आहे असे समजावयाचे काय? तपासून पाहा. १२१ च्या अंकांची बेरीज चार आहे. पण १२१ ही विषम संख्या असल्यामुळे तिला चारांनी भाग जाणार नाही. याच कारणाने चौथी, सहावी आणि आठवी संख्या बाद होते. पाचव्या संख्येच्या अंकांची बेरीज २५ येते. परंतु संख्येच्या शेवटी एक असल्याने पाचांनीच भाग जात नाही, मग पंचविसांनी कोठून जाणार? सातवीची बेरीज ४९ आहे; परंतु सात एकांच्या संख्येस सातांनी भागिले तर बाकी एक उरते. राहता राहिल्या पहिली, तिसरी आणि नववी. पहिली म्हणजे एकच. तिला एकाने भाग जातो. तिसरी १२३२१, तिच्या अंकांची बेरीज नऊ आणि भागाकार १३६९ येतो. म्हणजे नऊ भावंडांपैकी केवळ तीन हर्षद आहेत, आणि आपली संख्या त्या तिघांत सर्वांत मोठी आहे. डोंगराचा आकार सर्वांस मिळाला; हर्षदाचा गुण मात्र तिघांनाच मिळाला. एका घराण्यातील सर्व माणसे जशी एका स्वभावाची नसतात, तसेच हे आहे.

आता आपल्या संख्येचे वर्गमूळ, म्हणजे १११११११११, हातात घेऊ आणि तिला नवांनी भागू. भागाकार येतो १२३४५६७९. यात एकापासून नऊपर्यंत सारे अंक ओळीने उभे आहेत. मात्र आठ गैरहजर आहे! तो कोठे गेला? भागाकाराची एकेक पायरी पाहिली की उलगडा होतो. अकरात नऊ एकदा जातात आणि बाकी दोन उरते. पुढचा एक उतरविला की एकवीस होतात. त्यांत नऊ दोनदा जातात आणि बाकी तीन उरते. मग एकतीस, एकेचाळीस, एकावन्न असे करीत आपण एकाहत्तरापर्यंत येतो. एकाहत्तरात नऊ सातदा जातात आणि बाकी आठ राहते. शेवटचा एक उतरविला की एक्क्याऐंशी होतात, आणि एक्क्याऐंशीत नऊ आठदा नव्हे, पुरते नऊदा जातात. बाकी काहीच उरत नाही. प्रत्येक पायरीवर एकेकाने वाढणारी बाकी शेवटी नऊ होऊ पाहते. पण नवांच्या भागाकारात नऊ ही बाकी राहू शकत नाही. म्हणून ती बाकी आणखी एक भाग बनून आठाचे नऊ करते. आठ हरवला नाही. तो शेवटच्या नवात सामावला.

संख्येच्या अंतरंगात याहूनही खोल जावयाचे असेल, तर तिचे मूळ अवयव पाडावे लागतात. नऊ एकांचे तीन तीनांचे गट केले, तर १११११११११ ही संख्या १११ आणि १००१००१ यांचा गुणाकार आहे, हे दिसते. त्यांतील १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. या ३३३६६७ चे पुढे तुकडे पडत नाहीत. ती मूळ संख्या आहे. तिची खात्री हाताने करून घ्यावयाची तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी तिला एकामागून एक भागून पाहावे लागते. आपल्या सतरा अंकी डोंगराचे अवयव एवढेच : चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७. गुणाकार करणे सोपे, परंतु गुणाकारावरून अवयव शोधणे अवघड, असा हा संख्यांचा स्वभाव आहे. या अवघडपणाचा मनुष्याने मोठा उपयोग करून घेतला आहे. शेकडो अंकांच्या संख्यांचे अवयव पाडणे यंत्रांनाही कठीण जाते, आणि याच आधारावर संगणकांमधून जाणारे अनेक गुप्त संदेश सुरक्षित राखले जातात.

कापरेकर संख्या मांडीत होते तेव्हा असा काही उपयोग त्यांच्या दृष्टीसमोर नव्हता. १९४६ साली त्यांना ६१७४ या संख्येचा एक अपूर्व गुण आढळला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ पाशी पोचता, आणि तेथून पुढे हलतच नाही. त्यांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. परंतु पुष्कळ विद्वानांस हा सारा पोरखेळ वाटला. त्यांचे बरेचसे लेखन लहानसहान नियतकालिकांतून आले. काही त्यांनी स्वतःच छापून घेतले. निवृत्तीनंतर वेतन अपुरे पडे, म्हणून ते शिकवण्या करीत. संख्यांचा नाद मात्र त्यांनी सोडला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्या कार्याविषयी लिहिले, आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने सर्वत्र ओळखली जाते.

कोणी म्हणेल, एकामागे एक मांडून गुणाकार करण्यात एवढे काय मोठे आहे? याचे उत्तर आपल्या संख्येनेच दिले आहे. तिने आपणांस आकार दाखविला आणि त्या आकाराचे कारण शोधावयास लाविले. नऊ वेळा खरे ठरलेले दहाव्यांदा खोटे ठरू शकते, हे तिने शिकविले. एका भावंडाचा गुण सर्वांना लावू नये, हेही तिने बजावले. या गोष्टी केवळ गणिताच्या नव्हेत. बाजारातील भाव असो, पावसाचा अंदाज असो किंवा गावात उठलेली वार्ता असो, पाचदा खरे निघाले म्हणून सहाव्यांदा डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस फसतो. जो कारण विचारतो, त्याला नियमाची मर्यादा कळते आणि पाऊल कोठे जपून टाकावयाचे, तेही कळते.

चिखलीच्या, मेहकरच्या किंवा संग्रामपूरच्या एखाद्या शाळेत बसून हे वाचणाऱ्या मुलामुलींस आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवता येईल. संख्या कोणाच्या मालकीच्या नाहीत. त्या मोठ्या शहरात जशा आहेत तशाच लहान गावातही आहेत, आणि विद्यापीठाच्या फळ्यावर त्या जेवढ्या सत्य आहेत तेवढ्याच तुमच्या पाटीवरही सत्य आहेत. नऊ एक ओळीने मांडा. त्यांना त्यांनीच गुणा. डोंगर उभा राहील. मग पेन्सिल खाली न ठेवता पुढचा प्रश्न विचारा.

स्वाध्याय

१. दहा एकांच्या संख्येचा वर्ग वर दिला आहे. मांडणीत १०० एक असतानाही त्याच्या अंकांची बेरीज ८२ च का येते? (सूचना : एकदा हातचा दिला की दहा जातात आणि एक मिळतो. हातचा किती वेळा द्यावा लागला?)

२. वरील संख्या हर्षद आहे काय? भागाकार न करता उत्तर द्या आणि कारण सांगा.

३. १२३४५६७९ या संख्येला १८, २७ व ३६ यांनी गुणा. उत्तरे अशी का आली, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. आपल्या सतरा अंकी संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने गुणल्यास येणारी संख्या ९९९९९९९९९ या संख्येचा वर्ग असते. हे गुणाकार न करता कसे दाखविता येईल?

५. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन ६१७४ ची क्रिया करा. किती पायऱ्या लागल्या?

६. ‘उदाहरणे कितीही जुळली, तरी ती उदाहरणेच राहतात.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा आणि व्यवहारातील एक दाखला द्या.